थांबण्याचे कारण



एक नाणे सरळ वर उडवले आहे. ते हातातून सुटले आहे, पण अजून माथ्यावर पोहोचलेले नाही. वरच चालले आहे. हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवू. या क्षणी नाण्यावर कोणकोणती बले लागू आहेत, ते बाण काढून दाखवा. हा प्रश्न जॉन क्लेमंट या संशोधकाने अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घातला आणि १९८२ साली त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी दोन बाण काढले. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, हाताने दिलेल्या जोराचा. आणि नाणे वर चालले आहे म्हणून हा दुसरा बाण पहिल्यापेक्षा मोठा. बरोबर उत्तरात एकच बाण आहे, खालचा. यांत्रिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांच्या उत्तरांतही हा वरचा बाण मोठ्या प्रमाणावर टिकून होता. फ्रान्समध्ये लॉरेन्स व्हिएनो यांना थोडे आधी अशाच प्रकारची उत्तरे मिळाली होती. देश वेगळा, भाषा वेगळी, पुस्तके वेगळी, चूक मात्र तीच. जी चूक इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी एकाच रूपात उगवते, ती निष्काळजीपणातून आलेली नसते. तिच्यामागे एक विचार असतो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की बल आणि गती हे विषय सहावी ते आठवीच्या मुलांना शिकवताना आपण या विचाराची दखलच घेत नाही, आणि म्हणून आपले नियम पाठ होतात पण पटत नाहीत.

तो विचार थोडक्यात असा: वस्तू हलते आहे, तर तिला हलवणारे काहीतरी असलेच पाहिजे, आणि ती थांबली, तर ते काहीतरी संपले. यात मूर्खपणाचे काहीही नाही. बैलांनी ओढणे सोडले की गाडी थांबते, पायडल मारणे सोडले की सायकल थांबते. मुलाचा सगळा अनुभव याच बाजूने साक्ष देतो. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हेच तत्त्व म्हणून मांडले, आणि हातातून सुटलेला दगड पुढे का जातो याचे उत्तर देताना हवेला मध्ये आणले: हवाच त्याला पुढे ढकलत राहते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसला हे पटले नाही. हवाच ढकलत असेल तर दगडाला हात लावण्याची गरज काय, नुसती मागची हवा हलवली तरी पुरे, असा त्याचा आक्षेप होता. फेकणारा दगडातच एक जोर भरतो, असे त्याने सुचवले. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदाँने ही कल्पना नीट बांधली. आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक दर्शनात बाणाच्या गतीचा विचार याच वाटेने गेला आहे: धनुष्याच्या दोरीचा धक्का बाणाला पहिली गती देतो, त्या गतीमुळे बाणात एक संस्कार उत्पन्न होतो, तो पुढची गती चालू ठेवतो, आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. नाण्यावर वरचा बाण काढणारी मुलगी नकळत कणाद, फिलोपोनस आणि ब्युरिदाँ यांच्या पंगतीला बसलेली असते. तिच्या उत्तरावर लाल फुली मारून पुढे जाणे म्हणजे माणसाने शतकानुशतके केलेला विचार एका रेघेत खोडणे होय.

वैशेषिकांचे नाव घेतले की एक आक्षेप हमखास येतो, तो इथेच घेतो. न्यूटनचे नियम आपल्याकडे आधीच सांगितलेले होते, असे काही मंडळी अभिमानाने म्हणतात. अभिमान रास्त आहे, त्याची जागा चुकली आहे. वैशेषिकांनी गतीचे कारण धक्का, संस्कार आणि गुरुत्व असे वेगवेगळे केले, हे मोठेच काम आहे. पण त्यांच्या मांडणीत गती चालू राहण्याला कारण लागते आणि ते कारण वस्तूच्या आत राहते. न्यूटनच्या पहिल्या नियमाने नेमके हेच नाकारले. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे सांगितले तर वैशेषिकांचा विचारही मुलांना कळत नाही आणि न्यूटनने काय केले तेही कळत नाही.

आता आपल्या वर्गाकडे वळू. बालभारतीच्या गेल्या काही वर्षांतल्या पुस्तकांत हा विषय टप्प्याटप्प्याने येतो: सहावीत बल व बलाचे प्रकार, सातवीत गती, बल व कार्य, आठवीत बल व दाब, आणि नववीच्या पहिल्याच प्रकरणात गतीचे नियम. क्रमाला दोष देण्याचे कारण नाही. अडचण अशी की सहावी ते आठवी या तीन वर्षांत मूल ‘बल’ हा शब्द वापरत राहते आणि त्यात आपला जुना अर्थ भरत राहते. नववीत तीन नियम येतात तेव्हा ते या पक्क्या झालेल्या अर्थावर येऊन आदळतात. एस.टी.ने एकदम ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे झुकतो, हे जडत्वाचे ठरलेले उदाहरण. ‘जडत्वामुळे तो पुढे फेकला जातो’ असे आपण सांगतो आणि मूल मनात नोंद करते की जडत्व नावाचे एक बल असून ते माणसांना पुढे ढकलते. वस्तुतः त्याला कोणीही पुढे ढकललेले नाही. गाडी मंदावली, तिच्या फरशीने घर्षणाने त्याचे पाय मागे धरले, आणि त्याचे वरचे अंग जसे चालले होते तसेच चालत राहिले. कारण विचारायचे तर ते पायांचे विचारायला हवे. आपण ते धडाचे विचारतो, आणि कारण नाही तिथे एक कारण मुलाच्या हातात देतो.

म्हणून माझी सूचना अशी की नियमांच्या आधी घर्षण शिकवावे, तेही व्याख्या पाठ करून नव्हे तर एक वाद म्हणून. त्यासाठी जुना कॅरम बोर्ड पुरेसा आहे. एका कडेला दोन खिळे ठोकून रबर बँड ताणून बसवा. स्ट्रायकर रबराला टेकवून दर वेळी एकाच खुणेपर्यंत मागे ओढा आणि सोडा, म्हणजे त्याला दर वेळी जवळपास सारखीच सुरुवात मिळेल. रबर इतपतच ताणा की स्ट्रायकर समोरच्या चौकटीपर्यंत न जाता मध्येच थांबेल. आधी बोर्ड ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, स्ट्रायकर सोडा, जिथे थांबेल तिथे खडूने खूण करा. पाच-सहा वेळा करा. खुणा थोड्या मागेपुढे पडतील, त्यांचा मध्य घ्या. मग बोरिक पावडर भुरभुरा आणि पुन्हा तेच करा. आता खुणा बऱ्याच पुढे सरकतील, कदाचित स्ट्रायकर चौकटीवर आपटेलही. आता मुलांना विचारा: रबर तेच, खूण तीच, स्ट्रायकर तोच, मग अंतर का वाढले? ‘दिलेला जोर संपला म्हणून थांबला’ असे जो म्हणतो त्याला सांगावे लागते की त्याच जोराला संपायला या वेळी जास्त अंतर का लागले. ‘बोर्डाने थांबवला’ असे जो म्हणतो त्याला काहीच नवे सांगावे लागत नाही. सारख्या सुरुवातीला घर्षण निम्मे झाले तर अंतर दुप्पट होते, घर्षण चौथा हिस्सा राहिले तर चौपट. मुलांनी हा हिशेब स्वतः पुढे न्यावा: दहावा हिस्सा, शंभरावा हिस्सा. घर्षण मुळीच उरले नाही तर? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बोर्डावर पाहता येत नाही. विचारानेच तिथे पोहोचावे लागते, आणि गॅलिलिओ तसाच पोहोचला. उतरत्या फळीवरून घरंगळलेली गोळी समोरच्या चढावर मूळ उंची गाठू पाहते. चढ जितका कमी तितकी ती दूर जाते. चढच नसेल तर तिला थांबण्याचे कारणच उरत नाही.

इथे कोणी जाणकार उठून म्हणेल की या प्रयोगाने ब्युरिदाँ हरत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ब्युरिदाँच्या मते वस्तूत भरलेला जोर आपोआप विरत नाही, विरोध झाला तरच घटतो. पावडरने विरोध कमी केला, जोर हळू घटला, अंतर वाढले. त्याचा हिशेबही जुळतो. म्हणजे कॅरमच्या बोर्डाने मुलाच्या समजुतीतले एक पाऊल मोडले, जोर आपोआप संपतो हे. दुसरे पाऊल, जोर वस्तूच्या आत असतो हे, अजून शाबूत आहे. ते मोडायला गॅलिलिओचा १६३२ सालचा युक्तिवाद लागतो. त्याने आपल्या संवादग्रंथात वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेले आणि दाखवले की जहाज एकसारख्या वेगाने सरळ चालले असेल तर आत घडणाऱ्या कोणत्याही गोष्टीवरून ते चालते आहे की उभे आहे हे ओळखता येत नाही. हाच प्रकार आगगाडीत पाहू. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ रुळावर एकसारख्या धावणाऱ्या डब्यात एका मुलीच्या तळहातावर नाणे आहे. तिच्या दृष्टीने ते स्थिर आहे, त्यात कसलाही जोर नाही. फलाटावरच्या मुलाच्या दृष्टीने तेच नाणे सेकंदाला २० मीटर धावते आहे, म्हणजे त्यात पुष्कळ जोर भरलेला असला पाहिजे. नाणे एकच, क्षण एकच. त्यात जोर आहे की नाही? याउलट तिने एखादी वस्तू स्प्रिंगच्या ताणकाट्याला अडकवून ओढली, तर काट्यावरचा आकडा तिलाही तोच दिसेल आणि फलाटावरच्यालाही तोच. बल म्हणून जे मोजता येते त्यावर दोघांचे एकमत होते. ‘आत भरलेला जोर’ मात्र पाहणाऱ्यागणिक बदलतो. स्थिर असणे आणि एकसारख्या वेगाने सरळ जाणे यांत निसर्ग फरक करत नाही, म्हणून स्थिर राहण्याला जसे बल लागत नाही तसे एकसारखे चालत राहण्यालाही लागत नाही. पहिल्या नियमाचा गाभा हाच आहे. बल शून्य घातले की दुसऱ्या नियमातून पहिला निघतोच, मग तो वेगळा कशाला, असे मोठ्या वर्गांत कधीकधी म्हणतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबर नाही. आधी पहिला नियम पटल्याशिवाय दुसऱ्यात ‘बल’ कशाला म्हणायचे हेच ठरत नाही.

हे पचायला जड आहे याची सर्वांत मोठी साक्ष न्यूटनचीच. १६८४च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली केंब्रिजला त्याला भेटायला गेला, आणि त्यातून सुरू झालेल्या कामाचा ग्रंथ १६८७ साली हॅलीच्याच खर्चाने छापून निघाला. त्या ‘प्रिन्सिपिया’च्या आरंभीच्या व्याख्यांत पदार्थाच्या अंगभूत बलाची एक व्याख्या आहे, जडत्वाला न्यूटन तिथे एका अर्थाने बलच म्हणतो. जुन्या विचाराची सावली त्याच्याही लिहिण्यातून पुरती गेली नव्हती. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे आज आपण पाठ करतो ते रूपही त्या ग्रंथात त्या स्वरूपात नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर गणितज्ञ ऑयलरने ते मांडले. जे समीकरणाच्या रूपात यायला ‘प्रिन्सिपिया’नंतरही साठेक वर्षे लागली, ते तासाभरात फळ्यावर लिहून मुलांच्या गळी उतरेल अशी अपेक्षा आपण का ठेवावी?

एकदा पहिला नियम मनात बसला की दुसरा फारसा त्रास देत नाही. सेकंदाला १९.६ मीटर वेगाने नाणे वर उडवले. गुरुत्वाकर्षणाचा एकच बाण, कायम खाली, कायम सारखाच. त्यामुळे वरच्या दिशेचा वेग दर सेकंदाला ९.८ने कमी होतो: एका सेकंदाने ९.८, दोन सेकंदांनी शून्य, तीन सेकंदांनी खालच्या दिशेला ९.८, चार सेकंदांनी खालच्या दिशेला १९.६. चढणे, माथ्यावर क्षणभर थबकणे आणि उतरणे या तिन्ही गोष्टी एकाच बाणाने समजावल्या जातात. वरच्या बाणाला करायला कामच उरत नाही. माथ्यावर वेग शून्य असताना बल मात्र जसेच्या तसे आहे, हे या आकड्यांच्या ओळीत ज्या मुलाला दिसले त्याला वेग आणि बल यांतला फरक कळला असे समजायला हरकत नाही.

तिसऱ्या नियमाची गोष्ट वेगळी आहे. तो म्हणायला सर्वांत सोपा, लागू करायला सर्वांत अवघड. बैल गाडीला जेवढ्या जोराने पुढे ओढतात तेवढ्याच जोराने गाडी बैलांना मागे ओढते. मग गाडी चालतेच कशी? मुलाचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला झटकून टाकणारे उत्तर देऊ नये. ही दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून ती एकमेकांना खोडत नाहीत. गाडीचे काय होणार हे ठरवायचे तर फक्त गाडीवरची बले मोजा: बैलांची ओढ आणि चाकांना होणारा विरोध. बैलांचे काय होणार हे ठरवायचे तर फक्त बैलांवरची: गाडीची मागची ओढ, आणि जमिनीची पुढची रेटणी. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात, जमीन त्यांना पुढे रेटते. चिखलात खूर घसरले की बैलांची ताकद तीच राहूनही गाडी जागची हलत नाही, कारण त्या जमिनीला पुढे रेटता येत नाही. कोण कोणाला रेटते याची गल्लत भल्याभल्यांची होते. १९२०च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकीयाने अग्निबाण-संशोधक रॉबर्ट गॉडर्डची खिल्ली उडवली होती: अवकाशात रेटायला हवाच नाही, तर अग्निबाण पुढे जाणार कसा? अग्निबाण हवेला रेटत नाही, आपल्याच पोटातला वायू मागे फेकतो आणि तो वायू अग्निबाणाला पुढे रेटतो; हवा असली तर उलट आडच येते. अपोलो ११ चंद्राकडे निघाल्यावर, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने आपली चूक छापून दुरुस्त केली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३चे विक्रम हे यान चंद्रावर उतरले तेव्हा पॅराशूटचा उपयोग नव्हता, कारण तिथे हवा नाही. वायू खाली फेकूनच वेग आवरावा लागला. त्या संध्याकाळी शाळाशाळांत मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या किती जणांना दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले गेले की विक्रमला वर कोणी रेटले?

या साऱ्यावर शिक्षकांचा आक्षेप वेळेचा असतो, आणि तो खोटा नाही. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, वर सरकारी माहिती भरण्याची कामे. एवढ्यात कॅरमचा बोर्ड आणि गॅलिलिओचे जहाज कुठे बसवायचे? माझे उत्तर, काही गोष्टी गाळा. आठवीपर्यंत बलांच्या प्रकारांची लांब यादी नको. व्याख्या घोकून घेणे नको. सूत्रात आकडे घालून उत्तर काढण्याची घाई तर मुळीच नको. दुसरा आक्षेप असा की आधी उदाहरणे सोडवावीत, समज मागाहून येते. काही जणांची येते, हे मान्य. पण क्लेमंटच्या विद्यार्थ्यांनी उदाहरणेच सोडवली होती. १९९२ साली हेस्टिनस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी आकडेमोड नसलेली, फक्त बलाची समज तपासणारी एक चाचणी तयार केली. १९९८ साली रिचर्ड हेक यांनी त्या प्रकारच्या चाचण्यांचे ६२ अभ्यासक्रमांतले, सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जेवढे कळायचे बाकी होते त्यापैकी नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के पदरात पडले. जिथे विद्यार्थी आपापसांत वाद घालत, अंदाज बांधत आणि ते पडताळून पाहत, तिथे ४८ टक्के. हे विद्यार्थी आपल्या सहावी-सातवीच्या मुलांपेक्षा मोठे होते, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे आपल्या वर्गाला लावता येणार नाहीत. पण ज्या वयात समजूत अजून घट्ट होते आहे, त्या वयात वाद घालणे अधिकच उपयोगाचे ठरावे असे मानायला जागा आहे. मुले एवढी अमूर्त चर्चा झेपवण्याइतकी मोठी नाहीत, हा तिसरा आक्षेप मला पटत नाही. गतीबद्दलचा सिद्धांत त्यांच्याकडे आधीच आहे, तो त्यांनी स्वतः बांधला आहे. आपण चर्चा केली नाही तर त्यांचे मन कोरे राहत नाही, जुना सिद्धांत तेवढा आणखी पक्का होतो.

शेवटी परीक्षा. परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते, हे वास्तव बदलायला वेळ लागेल, म्हणून प्रश्नच बदलावेत. मायकेल मॅक्लॉस्की यांनी १९८३ साली लिहिलेल्या एका लेखात दोरीला बांधून गोल फिरवलेल्या चेंडूचा प्रश्न आहे: दोरी तुटली तर चेंडू कोणत्या वाटेने जाईल? वरून पाहिल्यासारखे चित्र काढताना बऱ्याच जणांनी वाकडी वाट काढली, जणू गोल फिरण्याची सवय चेंडूत भरून राहिली आहे. आपल्याकडे हा प्रश्न गोफणीचा होऊ शकतो. सातवीच्या प्रश्नपत्रिकेत वरून दिसणारे गोफणीचे वर्तुळ द्यावे, दगड सुटण्याची जागा ठळक ठिपक्याने दाखवावी, आणि सुटल्यानंतरची वाट काढायला सांगावी. त्याखाली चार ओळी: तुमच्या वर्गमित्राने वाकडी वाट काढली आहे, त्याचे म्हणणे काय असेल ते लिहा, आणि त्याला तुम्ही काय दाखवाल ते लिहा. पाच गुणांपैकी सरळ वाटेला दोन, मित्राचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडण्याला एक, आणि त्याला दाखवायच्या प्रयोगाला दोन. ज्याने स्वतःच वाकडी वाट काढली, पण ती खरी की खोटी हे ठरवणारा नीट प्रयोग सुचवला, त्याला ते शेवटचे दोन गुण पूर्ण द्यावेत.